भात्याचा दोष

मामा,

तू गेल्यानंतरचं तुझं पुण्यानुमोदन परवा झालं. समाजमंदिरात बसायला जागा उरली नव्हती. पाचोडच्या भजनी मंडळातले चौघं आले होते, छावणीतले कव्वाल चाचा काठी टेकत आले होते, गायन पार्टीची तर सगळी फौजच हजर होती. एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलत होता. कोणी म्हणालं, सुदामरावांनी हात लावला की मेलेली पेटी गायला लागायची. कोणी म्हणालं, असा कारागीर आता होणे नाही. मी पुढच्या सतरंजीवर बसून तुझ्या फोटोकडं बघत होते आणि मला सारखं हसू येत होतं. तू असतास तर दुसऱ्याच भाषणात उठून म्हणाला असतास, "बसा हो, चहा घ्या आधी." कौतुक अडवायला तुझ्याकडं चहाशिवाय दुसरं हत्यार नव्हतं.

माझ्या डोळ्यांत पाणी नाही हे बघून आईनं मला बाजूला घेतलं. "बरी हायेस ना गं?" म्हणाली. तिचा तू सख्खा भाऊ, रडून रडून तिचे डोळे सुजले होते. मी "हो" म्हटलं. खरं म्हणजे मी नुसती बरी नव्हते. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलून नेल्यासारखं मला हलकं वाटत होतं. मामाच्या पुण्यानुमोदनाला भाचीनं हे कसं बोलावं? म्हणून तिथं गप्प बसले. पण तुला सांगायला हवं, कारण तो दगड मी तुझ्याच नावानं उचलून ठेवला होता.

मी सहावीत असताना आई दवाखान्यात आया म्हणून लागली आणि शाळा सुटल्यावर घरी कोणी नाही म्हणून मी तुझ्या दुकानात यायला लागले. छावणीच्या बाजारामागची ती खोली, लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास आणि भिंतीला ओळीनं लावलेल्या पोटं उघडलेल्या पेट्या. भजनाची पेटी, कव्वालीची पेटी, शाळेची, चर्चची. तुझ्याकडं आली की सगळ्यांची जात एकच, आजारी. पहिले काही दिवस मी पोत्यावर बसून गृहपाठ केला. तू काही शिकवायला आला नाहीस. मग एक दिवस म्हणालास, "माय, माझे हात सरसानं भरलेत. जरा ही पेटी तपासून दे बरं."

"कशी तपासू?"

"एकेक पट्टी दाब. जी बोलत नाय ती सांग. जी गप बसत नाय तीबी सांग."

एवढंच. मी भाता हलवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक पट्टी दाबत गेले. दोन बोलत नव्हत्या, एक गप्प बसत नव्हती. तू मान हलवलीस आणि पेटीच्या कडीला बांधलेल्या चिठ्ठीवर तसं लिहिलंस. दुसऱ्या दिवशी दुसरी पेटी. महिनाभरानं म्हणालास, "आता जरा पळव. एकेक दाबताना सगळ्या शाण्या असतात, पळवल्या की खोड कळती."

"काय पळवू?"

"काय बी. शाळेतलं, लग्नातलं, रेडिओवरलं. पेटीला काय ठाव?"

मी पळवायला लागले. गायन पार्टीवाले त्यांची पेटी न्यायला आले की दारातच बसून एखादं गाणं म्हणून बघायचे; ते गेले की मी दुसऱ्या पेटीवर तेच शोधत बसायची. तू माझ्याकडं पाठ करून सूर काढणारी पितळी रीड घासत असायचास. मी अडखळले की न वळता विचारायचास, "कोणती अडली गं?"

"पट्टी नाही अडली, मीच चुकले."

"मग ठीक. पेटीचं काय नाय ना?"

माझ्या चुकांना तुझ्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पेटीच्या चुका तू रीडच्या टोकापर्यंत जाऊन शोधायचास, माझी एकही कधी उचलून दाखवली नाहीस. शाळेत बाईंनी विचारलं, पेटी कोणाला येते? मी हात वर केला नाही. खोटा विनय नव्हता तो. मला खरंच वाटायचं, मी वाजवत नाही, मामाला मदत करते. चार वर्षांत मी कितीतरी गाणी बोटांत उतरवली आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

कव्वाल चाचा एकदा दारात थबकले होते, आठवतं? मी त्यांचीच चाल त्यांच्याच पेटीवर धरली होती. "अरे सुदाम भाई, बच्ची के हाथ में क्या बात है!" म्हणाले. तू टुणकन उठलास. "चाचा, चाय पियो. ठंडी हो जाती." चहा अजून आलाच नव्हता! तू ओट्यावरून वाकून हॉटेलवाल्याला ओरडलास, चाचांना खुर्चीत दाबून बसवलंस आणि त्यांच्या पेटीच्या भात्याबद्दल इतकं बोललास की ते बिचारे माझं नाव विसरले. जाताना मात्र ते तुझ्या पाठीमागून माझ्याकडं बघून हसले. मला तुझा इतका राग आला होता! कोणी आपलं कौतुक करतंय आणि हा माणूस मध्येच चहा ओततोय.

तो राग मी बरीच वर्षं सांभाळला. बारावी झाल्यावर एक दिवस मी सरळच विचारलं, "मामा, मी चांगली वाजवते का रे?"

तू पेटीवर हात फिरवलास. "पेटी चांगली हाय. सागाची हाय."

मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले आणि पंधरा दिवस दुकानाकडं फिरकले नाही. सोळाव्या दिवशी आईनं डबा द्यायला पाठवलं तर कोपऱ्यात तीन पेट्या तयार होऊन बसलेल्या. तिन्हींच्या चिठ्ठ्यांवर तुझ्या अक्षरात लिहिलेलं: तपास बाकी. गिऱ्हाइकं रोज येऊन तुला शिव्या देऊन जात होती, हे मला शेजारच्या शिंप्यानं सांगितलं. तू नुसतं म्हणालास, "आलीस व्हय? बघ बरं, मधली जरा हट्टी हाय."

आता मला कळतं त्या चिठ्ठ्यांत काय लिहिलं होतं. तरीही मामा, भांडण मिटलेलं नाही. एकदा, फक्त एकदा "छान" म्हणाला असतास तर तुझं काय जाणार होतं? लेकरू काय लगेच फुगून फुटणार होतं? हे मी तुला अजून माफ केलेलं नाही आणि तू गेलास म्हणून घाईघाईनं करणारही नाही. पण माझ्याबरोबरच्या ज्या मुली स्पर्धांतून ढाली आणायच्या, त्यांच्यातली एकही आज वाजवत नाही. मी वाजवते. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत वाजवते, पाहुणे आलेले असले तरी वाजवते, कोणी ऐकतंय का हे बघायची मला सवयच लागली नाही. हे दोन्ही खरं आहे. दोन्हीचं काय करायचं ते तू सांगून जायला हवं होतंस.

पुढं मला चितेगावच्या कंपनीत नोकरी लागली, तपासणी विभागात. तू खूश झालास. "माझ्याकडचंच काम की गं!" म्हणालास. पण ते तुझ्याकडचं काम नव्हतं, मामा. पट्ट्यावरून प्लास्टिकची झाकणं येतात, दिवसाला हजारो. चांगल्या झाकणाकडं कोणी बघत नाही. डोळा अडतो तो फक्त बिघडलेल्यावर. कड वाकडी, लाल ट्रेमध्ये टाक. डाग दिसला, लाल ट्रेमध्ये टाक. अठरा वर्षं हे केल्यावर डोळा घरी येताना कंपनीच्या बसमध्ये विसरून येता येत नाही. पोळीची कड, नवऱ्याच्या शर्टाची कॉलर, लेकीची वही, सगळ्यावरून तो फिरतो. राग तर माझ्या नाकाच्या शेंड्यावर आधीपासूनच होता.

यशू झाली तेव्हा मी ठरवलं होतं, माझ्या पोरीला कौतुकाची कमी पडू द्यायची नाही. तिनं पेटीवर पहिली ओळ काढली त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या, शेजारणीला बोलावलं, मोबाईलवर घेऊन सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. मग क्लास लावला. परीक्षा आल्या. दर रविवारी एक नवीन गाणं ग्रुपवर जायला हवं, असा मी नेमच केला. आधी म्हणायचं "किती छान!" आणि लगेच, "फक्त ती दुसरी ओळ परत घे, तिथं जरा घसरलीस." माझ्या हिशोबानं मी तुझ्यापेक्षा कितीतरी चांगली होते.

तू आमच्या घरी आला होतास त्या रविवारी. सोफ्याच्या कडेला बसून सगळं बघितलंस आणि यशू आत गेल्यावर म्हणालास, "माय, तो मोबाईल बाजूला ठेव. पोरगी पेटीकडं नाय, मोबाईलकडं बघून वाजवायली."

"मामा, आता जमाना वेगळा आहे. कौतुक केलं की पोरं फुलतात."

"फुलू दे की. पण रोज उकरून मुळं कामून बघतीस?"

आणि मग मी ते बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. "तू मला जन्मात कधी छान म्हणाला नाहीस. मी तशी वाढले. माझ्या लेकीला मी उपाशी ठेवणार नाही." तू बशीतला चहा गार होईपर्यंत बशीकडं बघत राहिलास. तुझा चहा गार झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता. मी तेव्हाच थांबायला हवं होतं.

थांबले नाही. गेल्या वर्षी समाजमंदिरातल्या कार्यक्रमात मी यशूचं नाव देऊन टाकलं, तिला न विचारता. नंतर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, मला नाही जमणार." मी म्हटलं, "अगं, सगळे आपलेच तर आहेत." आपलेच होते म्हणूनच तिला भीती वाटत होती, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. पेटी तुझ्याकडून मागवली. तू भात्याला नवं मरून रंगाचं कापड लावून, स्वतः रिक्षात धरून आणलीस.

यशू बसली. मी पहिल्या रांगेत मोबाईल धरून. दोन ओळी झाल्या आणि तिचा हात थांबला. आधी वाटलं, मुद्दाम थांबलीय. मग मंदिरात ती शांतता पसरली, जिच्यात मागं कोणीतरी खोकतं. मी मोबाईलच्या आडून हातवारे केले, ओठ हलवले. कोणीतरी म्हणालं, "वाजव गं बाळ." यशूची मान खाली गेली, तिचे कान लाल झालेले मला स्क्रीनवर दिसत होते.

तेवढ्यात तू कडेच्या खुर्चीवरून उठलास. गुडघ्यावर हात ठेवत पायरी चढलास. पेटी जरा कलती केलीस, कान लावलास, भाता दोनदा दाबून बघितलास आणि माईककडं वळून म्हणालास, "माफ करा मंडळी. भात्यानं दगा दिला. पोरीचं काय नाय, दोष माझा हाय. दुरुस्तीत राहून गेलं." पेटी उचललीस आणि यशूच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली आणलंस. लोक हसले. वाईट नव्हते हसले, पण हसले. गायन पार्टीतला एक जण ओरडला, "सुदामभाऊ, म्हातारे झालात आता!" तूही हसलास. "व्हय बाबा, झालो."

चाळीस वर्षं लोक तालुक्यांतून तुझ्याकडं पेट्या आणत होते, ते तुझ्या भात्यावर भरवसा ठेवून. स्वतःच्या विरुद्ध बोलणाऱ्या माणसाचं कोण तपासून बघतं? कोणीच नाही बघितलं. मीसुद्धा नाही, आणि मला तर तूच तपासायला शिकवलं होतंस.

बाहेर चपला घालताना मी तुझ्यावर तुटून पडले. "एक दिवस, मामा. आयुष्यात एक दिवस तुझ्याकडून पेटी धड हवी होती मला!" आई मध्ये पडली. यशू माझ्या ओढणीचं टोक ओढत होती. तू म्हणालास, "चुकलं माय." मी म्हटलं, "जमत नसेल तर दुकान बंद कर." हे मी म्हटलं. तुला. तू पुन्हा म्हणालास, "चुकलं."

त्यानंतर यशूनं क्लास सोडला. घरच्या पेटीवर कापड पडलं, कापडावर इस्त्रीचे कपडे. मी दोनदा विचारलं, तिनं दोनदा खांदे उडवले. मी ठरवून टाकलं की एका फाटक्या भात्यानं माझ्या पोरीचा हात कायमचा बंद केला. सणावाराला तुला भेटले, पाया पडले, भाजी वाढली, पण मनातून बोलले नाही. गायन पार्टीनं पेट्या दुरुस्तीला दुसरीकडं टाकल्या असं आईकडून कळलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, बरोबरच आहे. आणि मग तीन आठवड्यांपूर्वी तू दुपारी जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस. मी धावत आले तेव्हा तुझे हात पोटावर होते, नखांत सरस वाळलेला. त्या हातांबद्दल मी काय बोलले होते ते सगळं मला शब्दन्‌शब्द आठवलं.

चौथ्या दिवशी लोकांच्या पेट्या परत द्यायच्या म्हणून मी दुकान उघडलं. यशूला सोबत नेलं होतं. एकेक पेटी चिठ्ठी बघून बाहेर काढत होते. अगदी मागं, गोणपाटाखाली ती निघाली. मरून कापडाची. तिला चिठ्ठीच नव्हती. तुझ्या दुकानात चिठ्ठीशिवाय पेटी म्हणजे तिला काही झालेलं नाही.

मी खाली बसले. भाता भरून धरला, एकही पट्टी दाबली नाही. हवा कुठून निसटत असेल तर भाता ढिला पडतो. हा हाताला अडून बसला. शिवण बघितली, घड्या बघितल्या, कोपरे बोटानं चाचपले. नवा सरस नाही, ठिगळ नाही, दुसऱ्यांदा हात लावल्याची खूण नाही. मामा, माझा पगार याच कामाचा आहे. दुरुस्त केलेली वस्तू आणि कधी न बिघडलेली वस्तू यातला फरक मला डोळे मिटून कळतो.

"तो फाटला नव्हता," यशू मागून म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मीच तपासते ना तिला. दर शनिवारी."

मला वाटायचं, शनिवारी ती आजीकडं जाते. आजीकडं जायचीच, पण वाटेत तुझं दुकान लागायचं. वर्षभर तू तिच्याकडं पाठ करून रीड घासत होतास आणि ती पेट्या पळवत होती. आईलाही माहीत होतं. ताकास तूर लागू दिली नाही तुम्ही तिघांनी.

"मग त्या दिवशी काय झालं होतं?" मी विचारलं.

"माझाच हात थांबला. तू मोबाईल धरून ओठ हलवत होतीस. मला मग पुढचं काहीच आठवेना."

"आजोबा खोटं का बोलले मग?"

तिनं माझ्याकडं बघितलं. आठवीतली पोरगी, पण तेव्हा ती माझ्यापेक्षा मोठी दिसली. "तू कोणावर तरी रागावणारच होतीस ना," ती म्हणाली.

मी भात्यावर हात ठेवून तिथंच बसून राहिले. आधी वाटलं, तू लोकांसमोर खोटं बोललास ते लोकांसाठी. ते माझ्यासाठी होतं. मला दोष सापडल्याशिवाय चैन पडत नाही हे तुला ठाऊक होतं, आणि तो मी घरी जाऊन पोरीत शोधणार हेही ठाऊक होतं. म्हणून तू मला आयता दोष काढून दिलास, स्वतःच्या नावाचा. मी तो वर्षभर उराशी धरून बसले आणि तेवढ्या वेळात तिकडं यशूचा हात मोकळा झाला.

मी रडले तेव्हा. यशू घाबरली. पण ते रडणं दुःखाचं नव्हतं गं, असं तिला कसं समजावणार? तुझे हात थकले नव्हते, हे कळून मला केवढं बरं वाटलं, मामा. तू शेवटपर्यंत धडधाकट कारागीर होतास. पोरगी वाजवत होती. माझ्या हातून जे मोडायला निघालं होतं ते मोडलं नव्हतं. आपण चुकीचे ठरलो याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नाही. मग राग आला तो खास माझ्या जातीचा: निदान मला तरी सांगून जायचंस! तू ऐकून घेत राहिलास, "चुकलं माय" म्हणत राहिलास, आणि मी दुकान बंद कर म्हटलं तेही पोटात घातलंस. पण तू सांगितलं असतंस तर दोष परत यशूच्या पदरात पडला असता. तेव्हाच्या मला सांगून उपयोग नव्हता. आता सांगायला तू नाहीस. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची आहे. परवा गायन पार्टीतले एक म्हातारे बोलायला उभे राहिले. मनापासून बोलले. शेवटी म्हणाले, "आखरीला सुदामभाऊंचे हात थकले होते. त्या कार्यक्रमात भाता फाटला, ते आपण समद्यांनी पाहिलं. पण माणूस सोन्यावाणी." लोकांनी माना हलवल्या. माझ्या अंगाची आग झाली. मी उठायला हात टेकलासुद्धा. एका वाक्याचं काम होतं: भाता फाटला नव्हता. तुझं नाव तिथल्या तिथं धुऊन निघालं असतं.

शेजारी यशू बसली होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, समोर बघत होती, आणि तिचे कान लाल व्हायला लागले होते.

मी टेकलेला हात उचलून मांडीवर ठेवला आणि मूग गिळून बसले. तुझ्या पुण्यानुमोदनात, तुझ्या फोटोसमोर, तुझ्यावरचा खोटा डाग मी तसाच राहू दिला. माझ्यासारख्या बाईला हे किती जड गेलं ते तुला सांगायला नको. मिनिटभरच जड गेलं. मग यशूचे कान निवले, आणि तुला त्या दिवशी माईकसमोर कसं वाटलं असेल ते मला कळलं. वाईट नसणार वाटलं. फार हलकं वाटलं असणार.

ती मरून पेटी यशूनं मागून घेतली. काल संध्याकाळी ती मागच्या खोलीत घेऊन बसली. दार अर्धं लोटलेलं. मी स्वयंपाकघरात होते. कुठलं तरी नवीन गाणं शोधत होती, आणि एकाच जागी अडत होती. एकदा अडली, दोनदा अडली. चौथ्यांदा अडली तेव्हा मला इथूनच कळलं की तिचं तिसरं बोट चुकीच्या पट्टीवर पडतंय. हातात झाकण घेऊन मी दारापर्यंत पोचलेही होते. "छान" आणि "फक्त" हे दोन्ही शब्द तोंडात तयार होते.

मी पिशवी उचलली. "यशू, दूध आणायला चालले गं."

"हं," आतून आवाज आला. पेटी थांबली नाही.

फ्रीजमध्ये दोन पिशव्या होत्या. खालच्या दुकानातही दूध मिळतं, पण त्या दुकानाच्या वर आमची खिडकी येते. मी कॉलनीच्या गेटबाहेर पडले, कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत चालत गेले, तिसरी पिशवी घेतली आणि तिथल्या पायरीवर अर्धा तास बसून राहिले. तिथून काही ऐकू येत नाही, मामा. मी नीट कान देऊन खात्री करून घेतली.